मोहाडीचा मे आणि बत्तीस अंशांची खोली

भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती फ्रिजच्या दारावर तारांकनाचे लेबल असते आणि त्यावर वर्षाला किती युनिट वीज लागेल याचा आकडा छापलेला असतो. हा आकडा ज्या खोलीत मोजतात तिचे तापमान 32 अंश सेल्सिअस राखलेले असते आणि मोजणी चालू असताना फ्रिजचे दार बंद असते. भंडारा-तुमसर रस्त्यावरच्या मोहाडीत मे महिन्यात 32 अंशांची खोली हवी असेल तर पहाटेच उठावे लागेल. आणि दिवसभर फ्रिजचे दार बंद राहणारे घर मेअखेरच्या नवतपात शोधूनही सापडणार नाही.

एवढ्यावरून लेबल खोटे ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. लेबल वर्षाचा हिशेब सांगते आणि वर्षाच्या हिशेबात ते फारसे चुकत नाही. अडचण वेगळी आहे. आपण फ्रिज घेतो तो मे महिन्यासाठी. अन्न नासते ते दिवसाच्या हिशेबाने आणि विजेचे बिल येते ते महिन्याच्या हिशेबाने. वर्षाची सरासरी या दोन्ही ठिकाणी कामाला येत नाही. थंडाव्याची किंमत आणि थंडाव्याची प्रत ही बाहेरच्या उन्हाने ठरते, म्हणून फ्रिजची परीक्षा त्याच्या सर्वांत कठीण दिवशी व्हायला हवी, आणि त्या दिवसाचा आकडा गिऱ्हाइकाला दिसायला हवा. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. घरातल्या फ्रिजइतकेच ते गाडीत ठेवायच्या छोट्या फ्रिजलाही लागू पडते, किंबहुना तिथे जास्तच.

आधी फ्रिज काय करतो ते पाहू. फ्रिज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून तो बाहेर फेकतो आणि हे उचलण्याचे काम कॉम्प्रेसर करतो. बाहेर जितके तापलेले, तितके हे काम दोन बाजूंनी वाढते. एक, भिंतींतून आणि दारातून आत झिरपणारी उष्णता वाढते. दोन, झिरपलेली प्रत्येक कॅलरी आता अधिक उंचावर चढवून फेकावी लागते. हे दोन्ही परिणाम एकमेकांत मिळवले जात नाहीत, ते गुणले जातात.

आकडे घालून पाहा. आतला कप्पा 4 अंशांवर आणि बर्फाचा कप्पा उणे 18 वर धरायचा आहे. खोली 32 अंशांची असेल तर कप्पा आणि खोली यांत 28 अंशांचा फरक असतो. मोहाडीतल्या एखाद्या कवेलूच्या घरातले स्वयंपाकघर मे महिन्यात दुपारी 40 अंशांवर गेले, तर हा फरक 36 होतो. म्हणजे झिरपणारी उष्णता सुमारे तीस टक्क्यांनी वाढली. उष्णता चढवायची उंची उणे 18 पासून मोजली तर ती 50 अंशांवरून 58 झाली, म्हणजे आणखी सोळा टक्के. गुणाकार जवळपास दीडपट येतो. टिनाच्या छताखाली खोली 45 अंशांवर गेली तर हाच गुणाकार पावणेदोन पटीच्या पुढे जातो. उलट डिसेंबरात स्वयंपाकघर सरासरी 20 अंशांवर असेल तर वीज लेबलाच्या निम्म्याहूनही कमी लागते. हा कागदावरचा हिशेब आहे. खऱ्या यंत्राची चाल यापेक्षा थोडी इकडेतिकडे होईल, पण दिशा बदलणार नाही. एकाच घरातला एकच फ्रिज मे महिन्यात डिसेंबरच्या तिपटीहून अधिक वीज मागू शकतो.

इथे लेबलाची बाजू घेणारा माणूस म्हणेल की मग वर्षाची बेरीज बरोबरच आली की! नागपूर-भंडारा पट्ट्याचे वर्षभराचे सरासरी तापमान 27 अंशांच्या आसपास असते. 32 अंशांवर मोजणारे लेबल वर्षाचा विचार करता उदारच म्हणायचे. दार उघडणे, गरम पातेले ठेवणे, बाटल्या भरणे या रोजच्या वापराची भर त्या पाच अंशांत सामावून जाते. हा युक्तिवाद मला मान्य आहे. लेबल बनवणाऱ्यांनी हा विचार करूनच खोली 32 ची ठेवली असावी. पण सरासरी 27 असलेल्या याच नागपुरात मे महिन्यातल्या कमाल तापमानाची सरासरीच 42 अंशांच्या पुढे असते, आणि 23 मे 2013 रोजी तिथे 47.9 अंशांची नोंद झाली. जानेवारीतल्या रात्री हाच प्रदेश 12-13 अंशांवर उतरतो. किनाऱ्यावरच्या मुंबईत वर्षाची सरासरी आणि कोणताही एक दिवस यांत फार अंतर नसते. पूर्व विदर्भात ते प्रचंड असते. सरासरीचा आकडा मुंबईकराला पुष्कळ काही सांगतो, मोहाडीकराला तो वर्षातल्या सर्वांत महत्त्वाच्या महिन्याबद्दल काहीच सांगत नाही.

आता महावितरणचे बिल समोर ठेवू. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते: 0 ते 100 युनिट, 101 ते 300, त्यापुढे आणखी. पहिल्या टप्प्यातला वीज आकार आणि दुसऱ्या टप्प्यातला वीज आकार यांत दुपटीहून अधिक फरक आहे. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आणि 16 टक्के वीज शुल्क चढते. हे टप्पे महिन्याला लागतात, वर्षाला नाही. डिसेंबरात वाचलेली युनिटे मे महिन्यात वापरता येत नाहीत.

समजा लेबलावर वर्षाला 180 युनिट लिहिलेला सिंगल डोअर फ्रिज आहे. सरासरीने महिन्याला 15 युनिट झाले. डिसेंबरात त्याने 7 घेतले आणि मे महिन्यात, दार वारंवार उघडण्यासह, 25 ते 30. वर्षाच्या बेरजेला धक्का लागला नाही. पण मे महिन्यात त्याच घरात कूलर चालू आहे. दीडशे-दोनशे वॅटचा कूलर दिवसातून चौदा तास चालला तर महिन्याला साठ-ऐंशी युनिट एकटाच घेतो, पंखे वेगळे. म्हणजे फ्रिजची वाढीव युनिटे नेमकी शंभराच्या रेषेपलीकडे पडतात आणि दुप्पट दराने भरावी लागतात. डिसेंबरात वाचलेली युनिटे स्वस्त टप्प्यातली होती, मे महिन्यात वाढलेली महाग टप्प्यातली. युनिटांची सरासरी जुळली तरी रुपयांची जुळत नाही. यात खरा खादाड कूलर आहे, फ्रिज नाही, हे मान्यच करायला हवे. पण नवा फ्रिज घेताना मे महिन्यात बिल कितीने वाढेल याचे उत्तर लेबलावरून काढता येत नाही, आणि ज्या घराचे महिन्याचे उत्पन्न धानाच्या हंगामावर किंवा कोसा रेशमाच्या मागावर चालते त्या घराचा प्रश्न नेमका हाच असतो.

विजेचा हिशेब झाला, आता कामगिरीचा. वीज किती खाल्ली यापेक्षा आत थंड राहिले की नाही हे आधी विचारायला हवे. इथे आणखी एक पाटी असते, ती बहुतेक गिऱ्हाइकांनी कधी पाहिलेली नसते. फ्रिजच्या मागे किंवा आतल्या बाजूला हवामानवर्गाचे इंग्रजी अक्षर छापलेले असते. एन वर्गाचा फ्रिज 16 ते 32 अंशांच्या खोलीसाठी असतो, एसटी वर्गाचा 38 पर्यंत, टी वर्गाचा 43 पर्यंत. टी म्हणजे उष्ण कटिबंधाचा वर्ग. यापुढे या पद्धतीत वर्गच नाही. 43 अंशांच्या वर फ्रिज बंद पडतो असा याचा अर्थ नव्हे. त्या पलीकडे आतले तापमान राखले जाईल याची हमी कोणी देत नाही, एवढाच अर्थ. आमच्याकडे टिनाच्या छताखालची खोली मे महिन्यात दुपारी ही रेषा सहज ओलांडते. आणि भंडारा हा भाताचा जिल्हा आहे. रात्रीचा भात, तलावातले मासे, दूध या तिन्ही गोष्टी 5 अंशांच्या वर फार वेळ राहिल्या की त्यांत जंतू वाढू लागतात. फ्रिजमधला दिवा लागतो, बाटली हाताला गार लागते, म्हणून अन्न सुरक्षित आहे असे होत नाही. 12 अंशांचे पाणी पिताना सुखाचे वाटते, पण 12 अंशांवर ठेवलेला मासा तेवढ्याने टिकत नाही.

म्हणून पिण्याचा थंडावा आणि टिकवण्याचा थंडावा या दोन वेगळ्या गरजा मानायला हव्यात. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस चुकीचे यंत्र विकत घेतो. गाडीतल्या फ्रिजच्या बाजारात ही गल्लत सर्रास होते.

गाडीच्या सिगारेट लायटरच्या खाचेत पिन खुपसून चालणारे जे हलके, स्वस्त फ्रिज मिळतात, त्यांतल्या बहुतेकांत कॉम्प्रेसर नसतो. 1834 मध्ये झां पेल्तिए या फ्रेंच संशोधकाने दाखवून दिले की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक सांधा गार आणि दुसरा गरम होतो. त्याच तत्त्वावर, धातूंच्या जागी अर्धवाहक वापरून, ही पेटी चालते. आत हलणारे भाग म्हणजे फक्त पंखे. गॅस नाही, आवाज फारसा नाही, वजन कमी. दोष दोनच आहेत, पण दोन्ही मुळावरचे. पहिला असा की ही पेटी आतले तापमान ठरावीक अंशावर आणत नाही. बाहेरच्यापेक्षा साधारण 20 अंशांनी खाली आणते. दुसरा असा की एक युनिट वीज घेऊन ती अर्ध्या युनिटाहूनही कमी उष्णता बाहेर काढते. घरातला कॉम्प्रेसरचा फ्रिज त्याच विजेत दीड युनिटाच्या आसपास काढतो.

थंड देशात बाहेर 22 अंश असताना ही पेटी आत 2-4 अंश देते आणि तिची जाहिरात खरी ठरते. मोहाडीत 45 अंश असताना तीच पेटी आत 25 अंश देईल. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत हवा 60 अंशांवर जाते. तिथे ती 40 देईल. पेटी बिघडलेली नाही, ती आपले काम चोख करते आहे. तिचे काम फक्त 20 अंशांचे आहे आणि ते कुठून मोजायचे हे आपल्या गावचे ऊन ठरवते.

आता याच दुपारी त्याच घराच्या ओट्यावर ठेवलेल्या रांजणाकडे पाहा. मे महिन्यातली आमची हवा कोरडी असते. 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता धरली तर बाष्पीभवनाने पाणी जिथवर गार होऊ शकते ती मर्यादा 23 अंशांच्या जवळ येते. रांजण तिथपर्यंत पोचत नाही, दोन-तीन अंश वरच थांबतो. म्हणजे रांजणातले पाणी 25-26 अंश आणि विजेच्या पेटीतले 25. पन्नास वॅटची पेटी चोवीस तास चालवली तर महिन्याला 36 युनिट जातात, म्हणजे आपल्या उदाहरणातला पूर्ण आकाराचा फ्रिज कडक मे महिन्यातही खात नाही तेवढी. रांजणाला मातीचा आणि पाण्याचा खर्च.

अशा पेटीचा गरिबांसाठीचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला आणि त्याची कथा बोलकी आहे. 1958 मध्ये भारतात बनलेला पहिला फ्रिज बाजारात आणणाऱ्या गोदरेजने सुमारे पन्नास वर्षांनी, ज्यांच्याकडे फ्रिज नाही अशा घरांसाठी काय करता येईल याचा शोध सुरू केला. 2008 मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, सहाशेहून अधिक ग्रामीण महिलांना बोलावून त्यांच्याशी चर्चा करत नमुना ठरवला गेला. त्यातून ‘छोटूकूल’ जन्मला: कॉम्प्रेसर नाही, वरून उघडणारे झाकण, 43 लिटरची प्लास्टिकची पेटी, आठ किलोच्या आत वजन, 12 व्होल्टवर चालणारी, किंमत साडेतीन हजारांच्या आसपास. झाकण वर ठेवण्यामागे विचार होता. थंड हवा जड असते, उघडले तरी सांडून जात नाही. वितरणासाठी टपाल खात्याची मदत घेण्यात आली. जगभरच्या व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत या वस्तूचे कौतुक झाले. पण खेड्यातल्या घरांनी ती मोठ्या प्रमाणावर उचलली नाही, आणि पुढे तिचे तोंड शहरी गिऱ्हाइकाकडे वळवले गेले: गाडीत ठेवा, सहलीला न्या, दुकानात ठेवा. गरिबाचा फ्रिज म्हणून आलेली वस्तू सुखवस्तू माणसाचा गाडीतला फ्रिज झाली.

या अपयशाची कारणे सांगताना वितरण, जाहिरात, किंमत यांची चर्चा होते. ती कारणे असतीलच. पण उष्णतेचे कारण मला यांतले सर्वांत मूलभूत वाटते. ज्या घराला एकच फ्रिज परवडतो, त्या घराला तो फ्रिज उन्हाळ्यातही दूध आणि भाजी टिकवणारा हवा असतो. ज्याच्या घरी मोठा फ्रिज आहेच, त्याला प्रवासात फक्त गार पाणी पुरते. पेल्तिएची पेटी दुसऱ्याची गरज भागवते, पहिल्याची नाही. गरिबाच्या गरजा लहान असतात, म्हणून त्याला थंडावाही थोडाच लागतो, ही समजूत चुकीची होती. गरजेचे आकारमान लहान असू शकते. गरजेची खोली तीच असते. चार लिटर दुधालाही 4 अंशच लागतात.

यावर कोणी म्हणेल की गाडीसाठी कॉम्प्रेसरचेही फ्रिज मिळतात. मिळतात, आणि ते चांगले असतात. बाहेर चांगलेच तापले तरी ते आत शून्याखाली उतरू शकतात, आणि नीट झाकून ठेवले तर दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज घेतात. पण त्यांची किंमत घरातल्या फ्रिजइतकी किंवा त्याहून जास्त असते. शिवाय गाडीतली वीज फुकट नसते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते. इंजिन आणि अल्टरनेटरमधून जाताना तिची सव्वा-दीड युनिट वीज उरते. लिटरला शंभर रुपये धरले तरी युनिट सत्तर-ऐंशी रुपयांना पडते. मोहाडीहून नागपूरपर्यंतच्या दीड-दोन तासांत पन्नास वॅटच्या पेटीचा हा खर्च पाच-आठ रुपयांचाच होतो, त्याची कोणी फिकीर करू नये. पण फ्रिज चालू राहावा म्हणून गाडी उभी ठेवून इंजिन चालवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. आणि इंजिन बंद ठेवून पन्नास वॅटची पेटी रात्रभर चालवली तर सकाळी बॅटरी गाडी सुरू करण्याइतकी उरणार नाही, कारण लहान गाडीच्या बॅटरीत पूर्ण भरलेली असतानाही अर्ध्या युनिटाच्या आसपासच वीज असते.

वैनगंगेचे आणि तलावांचे मासे बाजारात नेणारे आमच्याकडचे ढिवर बांधव या सगळ्याला फार पूर्वी उत्तर देऊन बसले आहेत: थर्माकोलचा डबा आणि बर्फ. पाच किलो बर्फ वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी बाहेर काढायला पन्नास वॅटच्या पेल्तिएच्या पेटीला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. बर्फ बनवणारे यंत्र एका जागी उभे असते, त्याला मोठा कॉम्प्रेसर असतो, ते वीज कार्यक्षमतेने वापरते. मग तो थंडावा डब्यात घालून हवा तिथे न्यायचा. सरकारी आरोग्यव्यवस्थाही हेच करते. लसी 2 ते 8 अंशांत राहाव्या लागतात. आरोग्य केंद्रातल्या फ्रिजच्या भिंतींत बर्फाचे किंवा पाण्याचे अस्तर असते. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी तो दिवसभर थंडावा धरून ठेवतो. तिथून गावात जाताना लसी बर्फाचे चार पॅक ठेवलेल्या छोट्या पेटीतून जातात. वीज वाहून नेण्यापेक्षा थंडावा साठवून नेणे स्वस्त आणि भरवशाचे, ही गोष्ट मासेवाल्याला आणि लसीकरणाच्या शास्त्रज्ञांना दोघांनाही पटलेली आहे. दुर्दैवाने घरगुती फ्रिजच्या बाजाराला ती पटलेली नाही. लाईन गेल्यावर हा फ्रिज किती तास 8 अंशांच्या खाली राहील, हा प्रश्न पूर्व विदर्भातल्या गिऱ्हाइकासाठी तार्‍यांच्या संख्येहून महत्त्वाचा आहे, पण लेबलात त्याला जागा नाही.

रांजण आणि बर्फाच्या डब्याची ही बाजू वाचून कोणी असा निष्कर्ष काढू नये की जुने तेच चांगले आणि फ्रिजची गरज नाही. असा निष्कर्ष काढणारे लोक बहुधा स्वतः फ्रिज वापरत असतात. मृग लागला की हवा ओली होते आणि रांजणाची किमया संपते. पावसाळ्यात तो खोलीच्या तापमानापेक्षा जेमतेम दोन-चार अंश खाली जातो. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचा साठा रांजणावर सोडता येत नाही. आणि रोजचे ताजे करणे, उरलेले गरम करत राहणे, नासलेले फेकणे या कामांचा भार घरातल्या बाईवर पडतो. फ्रिजने तो हलका केला आहे. धाराशिवच्या त्या महिला काय मागत होत्या ते यातूनच समजते. प्रश्न फ्रिज हवा की नको हा नाही. कोणत्या कामाला कोणते साधन, हा आहे.

दोन्ही साधने जोडून वापरली तर काय होते, याचा एक साधा हिशेब आहे. मे महिन्यात छतावरच्या टाकीतले पाणी 42 अंशांवर असते. त्याच पाण्याच्या बाटल्या भरून फ्रिजमध्ये ठेवल्या तर ते 8 अंशांवर आणायला 34 अंश उतरवावे लागते. रांजणातल्या 25 अंशांच्या पाण्याने बाटल्या भरल्या तर 17 अंशच उतरवावे लागते. बाटल्या गार करण्याचे काम निम्म्यावर आले, आणि तेही भर दुपारी, जेव्हा कॉम्प्रेसर आधीच दमलेला असतो. उन्हाळ्यात मोठ्या कुटुंबाच्या फ्रिजमध्ये दिवसाला आठ-दहा लिटर पाणी जाते. हा फरक किरकोळ नाही. फ्रिज भिंतीपासून थोडा लांब ठेवणे, कारण त्याच्या मागच्या जाळीतून किंवा बाजूच्या पत्र्यातून उष्णता बाहेर पडते; तो ऊन येणाऱ्या भिंतीला न लावणे; डायरेक्ट कूल फ्रिजमधला बर्फाचा थर वेळेवर काढणे; दाराचे रबर ढिले झाले तर बदलणे, या गोष्टी सर्वांना ठाऊक असतात. रांजणातून बाटल्या भरणे हे मात्र कोणत्याही कंपनीच्या माहितीपुस्तिकेत असणार नाही, कारण ती पुस्तिका मोहाडीसाठी लिहिलेली नसते.

गिऱ्हाईक म्हणून आपण काय करू शकतो ते एवढे झाले. पण सगळा भार गिऱ्हाइकावर टाकणे न्याय्य नाही. तारांकनाची योजना ऊर्जा संवर्धन कायदा, 2001 खाली स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्युरोची आहे. 2006 मध्ये ती सुरू झाली, 2010 मध्ये फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना सक्तीची झाली आणि तिचे निकष वेळोवेळी कडक होत गेले. आज पाच तारे असलेला फ्रिज उद्याच्या तक्त्यात तीनवर येऊ शकतो, म्हणून लेबलावरचे वर्ष पाहावे लागते. शिवाय तारे फ्रिजच्या आकारमानाशी बांधलेले असल्यामुळे मोठा पंचतारांकित फ्रिज लहान त्रितारांकित फ्रिजहून जास्त वीज घेऊ शकतो, म्हणून ताऱ्यांऐवजी युनिट पाहावे. या योजनेने देशाचे भले केले आहे आणि तिच्यावर टीका करताना हे विसरता कामा नये. प्रश्न तिच्या पुढच्या पावलाचा आहे.

माझ्या मते त्या लेबलावर आणखी दोन आकडे हवेत. पहिला, 43 अंशांच्या खोलीत दिवसाला किती युनिट लागतील. टी वर्गाचे प्रमाणपत्र घेण्यासाठी कंपन्या 43 अंशांवर चाचणी करतातच. आत तापमान टिकले की नाही एवढे पाहून थांबण्याऐवजी वीज किती लागली तेही मोजावे आणि छापावे. दुसरा, त्याच तापमानात वीज गेल्यावर आतला कप्पा किती तास सुरक्षित राहतो. आणि गाडीतल्या ज्या पेट्या आज या तारांकनात येतच नाहीत, त्यांच्या खोक्यावर ‘थंड करते’ या शब्दांऐवजी ‘45 अंशांच्या हवेत आत इतके अंश’ असे ठळक लिहिण्याची सक्ती हवी.

आक्षेप दोन येतील. एक, लेबलावर जितके जास्त आकडे तितका गिऱ्हाइकाचा गोंधळ. पण मे महिन्यात दिवसाला किती युनिट हा आकडा वर्षाला किती युनिट यापेक्षा समजायला सोपा आहे, कारण तो मीटरवर पडताळून पाहता येतो. दुसरा, कठीण चाचणीने फ्रिज महाग होतील. काही महाग होतीलही, कारण उष्ण चाचणीत टिकायचे तर भिंतीतला फोम जाड करावा लागतो. पण जाड फोम ही एकदाची किंमत आहे आणि महाग टप्प्यातली युनिटे ही दर उन्हाळ्याची. शिवाय जाड फोमचा फ्रिज लाईन गेल्यावरही जास्त वेळ टिकतो; एका सुधारणेत दोन्ही आकडे सुधारतात.

देशात विकल्या जाणाऱ्या फ्रिजपैकी कितीतरी महाराष्ट्रातच, पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला आणि साताऱ्यातल्या शिरवळला, तयार होतात. ते जिथे बनतात तिथली हवा सौम्य आहे आणि जिथे त्यांची कसोटी लागते तो मुलूख त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. चाचणीची खोली किती अंशांची ठेवायची हा तांत्रिक निर्णय दिसतो, पण त्यात कोणाचा उन्हाळा मोजायचा आणि कोणाचा सरासरीत विरघळवायचा हे ठरलेले असते. राज्याची महाऊर्जा ही संस्था आणि पूर्व विदर्भाचे लोकप्रतिनिधी यांनी ही मागणी ब्युरोकडे नेली पाहिजे. तोपर्यंत भंडाऱ्याच्या किंवा तुमसरच्या दुकानात फ्रिज पाहायला गेलेल्या माणसाने तारे मोजून झाले की मागची पाटी वळवून टी हे अक्षर शोधावे, वर्षाच्या युनिटांना बाराने भागून मे महिन्यासाठी दुप्पट धरावे, आणि ते आपल्या बिलातल्या शंभराच्या रेषेशेजारी ठेवून मगच पैसे मोजावेत.